चावीवाल्याचं पुणं

पुण्यात पाणी सोडायच्या चाव्या फिरवण्यात माझी उमर गेली. पहाटे रस्त्यातलं झाकण उचलायचं, आटे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा, वेळ झाली की बंद. म्हणूनच कात्रजच्या नळाचं मला भारी अप्रूप. 1750च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबील ओढ्यावर दोन तळी बांधली. वरच्यात गाळ बसायचा, खालचं निवळ पाणी बंदिस्त नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत. पंप नाही, सगळा खेळ उताराचा. आत हवा कोंडू नये म्हणून वाटेत उच्छ्वास, आणि नळ एवढा प्रशस्त की माणसाने आत उतरून गाळ काढावा. तळ्यात पाणी असेतो काळा हौद, बदामी हौद, फडके हौद रात्रंदिवस भरत. साततोटी हौदाचं आता चौकाला नाव तेवढं उरलंय.

पण हौद सगळ्यांचा नव्हता. अस्पृश्य ठरवलेल्यांनी त्याला शिवायचं नाही, हा दंडक. 1868 साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. पेशव्यांच्या नळापेक्षा मी त्या हौदाला काकणभर जास्तच मानतो.

पुढे खडकवासला धरण झालं, घरोघर नळ आले, हौद मागे पडले. 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नळ कोरडे. मी तेव्हा शाळकरी. आई कळशी घेऊन हौदावर गेलेली आठवते. मोडीत काढलेलं पाणीच त्या दिवसांत कामी आलं.

हल्ली पावसाचा भरवसा उरला नाही. जून कोरडा गेला की पाणीकपात, आणि कपात म्हणजे नुसतं कमी पाणी नव्हे. चावी बंद केली की नळी रिकामी होते, आतून ओढ धरते आणि शेजारच्या ड्रेनेजचं पाणी गळक्या जोडातून आत खेचलं जातं. चावी उघडल्यावरचं पहिलं पाणी पिवळट आणि वासाचं येतं, ते बहुतेकदा यामुळे. उलट 25 सप्टेंबर 2019च्या रात्री पाऊस एवढा कोसळला की तोच आंबील ओढा टांगेवाले कॉलनीत घुसला, माणसं वाहून गेली.

2025च्या जानेवारीत पुण्याच्या नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण निघाले आणि संशय पाण्यावरच गेला. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर! धरण जवळ असून भागत नाही. मधली नळी धड लागते, आणि क्लोरीन रोज मोजणारा माणूस लागतो. नव्या धरणाच्या घोषणा खुशाल करा, पण आधी ड्रेनेजला चिकटलेल्या सडक्या नळ्या बदला. त्या बदलेपर्यंत आपल्या हातात एवढंच: कपातीनंतरचं पहिलं पाणी झाडांना घाला आणि पिण्याचं उकळूनच घ्या.