व्याख्यान प्राध्यापकाचे, प्रश्न गावाचा

पिपरी मेघे हे वर्धा शहराला लागून वाढलेले गाव. आर्वी रस्त्यावरच्या पिपरीत २०१७ साली शिक्षा मंडळाने बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू केली. सावंगी आणि सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालये आहेत, वर्ध्यात १९९७ पासून महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. इतके प्राध्यापक ज्या परिसरात राहतात, तिथे त्यांनी वर्गाबाहेर येऊन गावकऱ्यांसमोर बोलावे ही अपेक्षा साहजिक आहे. पण अशी व्याख्याने म्हणजे विद्यापीठाने गावावर केलेली मेहेरबानी, असा समज पक्का झाला आहे. या प्रथेचे कूळ तपासले तर तो टिकत नाही. महाराष्ट्रात लोकांसाठीचे व्याख्यान विद्यापीठाहून जुने आहे, आणि श्रोत्याला प्रश्न विचारण्याचा हक्क जिथे मिळाला तिथेच व्याख्यानाला अर्थ आला.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. त्याच्या नऊ वर्षे आधी, १८४८ साली, एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञान सभा उभी राहिली. तिच्याच मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून ओळखल्या गेल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. गुजराती शाखेत पुढाकार घेणारे दादाभाई नौरोजी पुढे त्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. या सभांत देशी भाषेत निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. वर्गात जे इंग्रजीत शिकले, ते इंग्रजी न येणाऱ्या शहरवासीयाला त्याच्या भाषेत सांगायचे, हे काम पदवी देणारी यंत्रणा जन्माला येण्याआधीच सुरू झाले होते. एल्फिन्स्टनमध्ये शिकवण्याचे काम केलेल्या न्या. रानड्यांनी १८७२-७३ मध्ये पुण्यात व्यापार या विषयावर मराठीतून व्याख्याने दिली. अर्थशास्त्रासारखा विषय मराठीत आणि तोही जाहीर सभेत! १८७५ मध्ये रानड्यांच्याच प्रेरणेने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही पुण्यात भरते. पुढे पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने पहिले कुलगुरू डॉ. बाबासाहेब जयकरांच्या नावाने व्याख्यानमाला चालवली, तेव्हा जमीन आधीच नांगरलेली होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही सारी इंग्रजांची नक्कल आहे. केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्टने १८६७ मध्ये उत्तर इंग्लंडच्या शहरांत स्त्रियांसमोर व्याख्याने दिली आणि १८७३ मध्ये केंब्रिजने ती योजना अधिकृतपणे स्वीकारली, हे खरे. पण मुंबईतली सभा त्याआधीची आहे. शिवाय स्टुअर्टच्या कामातला मोलाचा धडा विद्यापीठाने शिकवलेला नाही, श्रोत्यांनी शिकवला आहे. रॉचडेलच्या सहकारी कामगारांसमोर बोलून झाल्यावर घाईत त्याने आकृत्या भिंतीवर तशाच ठेवायला सांगितल्या. पुढच्या आठवड्यात कळले की कामगार त्या आकृत्यांभोवती जमून चर्चा करत होते आणि त्यांना प्रश्न विचारायचे होते. व्याख्यानाला जोडून चर्चेचा वर्ग घेण्याची रीत तिथून रुजली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आपल्या मातीतला आहे. कीर्तन शतकानुशतके होतेच, मग व्याख्यानाचे कौतुक कशाला? विदर्भात तर हा आक्षेप उडवून लावता येत नाही. इथल्या दोन विद्यापीठांना ज्यांची नावे आहेत, ते तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा प्राध्यापक नव्हते, पण त्यांच्याइतका लोकांशी बोललेला प्राध्यापक दाखवणे अवघड आहे. गाडगेबाबांचे कीर्तन तर समोरच्या माणसांना प्रश्न विचारतच पुढे सरके. माझ्या मते त्या परंपरेने ऐकणारा समाज घडवला आणि बोलणाऱ्याला लोकांच्या बोलीत उतरायला लावले, हे ऋण मान्य करायलाच हवे. तरी एक फरक उरतो. कीर्तनात प्रश्न बहुधा वक्त्याचा असतो आणि उत्तर त्याच्याजवळ तयार असते. व्याख्यानात श्रोता उठून ‘हे कशावरून?’ असे विचारू शकतो, आणि पुरावा देणे वक्त्याला भाग असते. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगणे हाही त्याच्या कामाचाच भाग आहे.

आणि वर्ध्याने या कुळात स्वतःची भर घातली आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन, के. टी. शहा यांच्यासारखी अध्यापनातली माणसे विनोबा आणि कुमारप्पांच्या बरोबरीने चर्चेला बसली. तिथून नई तालीमचा आराखडा निघाला. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत त्या कल्पनेचा विस्तार होऊन प्रौढशिक्षणही तिचा भाग झाले. शिक्षण हाताच्या कामातून आणि भोवतालातून उगवावे, ही तिची मुख्य मागणी. व्याख्यानाला ती लावली तर अर्थ सरळ आहे: विषय गावाच्या जगण्यातून यावा. विहिरीची पातळी, कपाशीवरची बोंडअळी, सिकलसेलची तपासणी, मुलीच्या प्रवेशाची प्रक्रिया, यांतल्या प्रत्येकावर बोलू शकेल असा माणूस वर्ध्याच्या परिसरात सापडेल.

आता मोबाईलवर जगातले सर्वोत्तम व्याख्यान फुकट मिळते, मग सभागृहात कोण येणार, असे विचारले जाते. ते व्याख्यान चांगले असेलही, पण त्या वक्त्याला पिपरीची विहीर माहीत नाही आणि पिपरीच्या माणसाला त्याला थांबवून विचारता येत नाही. लोक येत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण तिचे कारण श्रोत्यांच्या अनास्थेत शोधणे मला अन्यायाचे वाटते. विषय महाविद्यालयात ठरतो, तारीख जयंती-पुण्यतिथीला बांधलेली असते, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ आणि आभार यांत तास निघून जातो आणि प्रश्नांना वेळ उरत नाही. जो भाग या प्रथेचा प्राण आहे, तोच आपण आधी कापतो.

म्हणून पिपरी मेघेच्या ग्रामपंचायतीने, वाचनालयांनी आणि महिला बचत गटांनी महाविद्यालयांच्या निमंत्रणाची वाट पाहू नये. विषय स्वतः ठरवावेत, प्राध्यापकांना बोलवावे, सत्कार टाळावा, एकाच वक्त्याला तीन-चार आठवडे सलग आणावे आणि दर वेळी निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा. प्राध्यापकांनीही हे बोलावणे आपल्या कामाचा भाग मानून स्वीकारावे.