वाईनच्या गावाला जाताना वाटेतलं नगर

जानेवारी आला की ऑफिसात हमखास एक मेल फिरतं: "नाशिकला वायनरी बघायला कोण कोण?" प्लॅन सोपा. शनिवारी पहाटे पुणे सोडायचं आणि दुपारी ग्लास हातात! माझं म्हणणं एवढंच की एवढी घाई कशाला? मधे अख्खा नगर जिल्हा आहे (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही). वाईनची गोष्ट त्याच्याशिवाय अर्धीच राहते.

आधी जानेवारीच का ते सांगतो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि द्राक्षं सप्टेंबरच्या आसपास उतरतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादची द्राक्षं वर्षातून दोनदा येतात असं लिहून ठेवलंय. म्हणजे दख्खनच्या वेलीचा हा स्वभाव जुनाच!

आता रस्ता. पहिला थांबा नारायणगाव. १९८० च्या दशकात शामराव चौगुलेंनी इथे फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाईन बनवली. 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशात गेली. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली. नाशिकला 'सुला'वाले राजीव सामंत ओरॅकलची नोकरी सोडून आले आणि २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. (आमच्या धंद्यातल्या लोकांना ही गोष्ट फार आवडते. का ते सांगायला नको.) २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करात सवलती दिल्या आणि बाकीचे मागोमाग आले.

आळेफाटा ओलांडला की नगर जिल्हा. संगमनेरहून अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला मुक्काम करा. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्यावर खालच्या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. साखरेमागून मळी आली, मळीतून अल्कोहोल. थोडक्यात, नाशिकचं द्राक्ष आणि नगरचा ऊस, दोघांची वाट बाटलीपर्यंत जाते. फरक एवढाच की द्राक्षाच्या बाटलीला पर्यटक येतात.

याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले. गावातल्या दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. पिणाऱ्यांना देवळासमोर खांबाला बांधून मारही दिला गेला. हा मार मला पटत नाही. पण ज्या घरात मजुरी गुत्त्यावर संपत होती, त्या घरातल्या बाईला काय वाटलं असेल हेही कळतं. आणि २०१७ च्या फेब्रुवारीत नगरजवळ पांगरमलला निवडणुकीच्या जेवणावळीत विषारी दारूने माणसं मेली, हे तर विसरताच येत नाही.

म्हणून २०२२ ची गंमत बघा. २७ जानेवारीला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी दिली. कारण? द्राक्षवाल्या शेतकऱ्याचं भलं. अण्णांनी उपोषण जाहीर केलं, मग ग्रामसभेच्या आग्रहावरून मागे घेतलं. निर्णयही अमलात आला नाही. दोन्ही बाजू शेतकऱ्याच्याच नावाने बोलत होत्या. एकीकडे द्राक्ष विकणारा, दुसरीकडे पगार पिऊन घरी येणारा. कदाचित एकाच घरातले!

मला स्वतःला वाईन आवडते, आणि द्राक्षाला चार पैसे जास्त मिळावेत हेही वाटतं. पण "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य मात्र घशाखाली उतरत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि पिण्याचा परवाना त्याच कायद्याखाली मिळतो. गावातल्या बायकांनी निम्म्याहून जास्त मतं 'आडव्या बाटली'ला दिली तर दुकान बंद होतं. हा हक्क मला कुठल्याही सवलतीपेक्षा मोठा वाटतो.

असो. तर प्लॅन असा: शनिवारी नारायणगाव, संगमनेर, रात्री भंडारदरा. रविवारी घोटीवरून नाशिक. खिशात परवाना. गाडी चालवणाऱ्याला फक्त द्राक्षं, तीही गोड असतात! दोन दिवस पुरत नसतील तर सोमवारची रजा टाका, रिलीज काही पळून जात नाही.