डीबी१, डीबी२

३१ जानेवारी २०१७. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्यांपैकी एक, गिटलॅब डॉट कॉम. वेळा यूटीसी, आपले घड्याळ साडेपाच तास पुढे.

१७:२०. एका अभियंत्याला चाचणीसाठी ताजा डेटा हवा आहे. मुख्य डेटाबेसची प्रत चाचणीच्या सर्व्हरवर रोज रात्री एकला आपोआप येते, पण ती आता शिळी झाली आहे. तो हाताने नवी काढतो. बॅकअप म्हणून नव्हे.

१९:००. डेटाबेसवरचा ताण वाढतो. स्पॅमचा संशय.

२२:००. दुय्यम सर्व्हर डीबी२ मुख्य डीबी१च्या फार मागे पडल्याचा इशारा येतो. अभियंता काम आवरणार होता, तसे सांगूनही झाले होते. तो थांबतो.

डीबी२ रिकामा करून पहिल्यापासून भरायचे ठरते. पण प्रत उतरवणारी कमांड नुसती अडून बसते. खरे तर ती डीबी१ची वाट पाहत असते. पडद्यावर तसे काही उमटत नाही.

२३:२७. रिकामे फोल्डरच आड येत असावे, असे त्याला वाटते. तो ते पुसायची कमांड देतो. एक-दोन सेकंदांत लक्षात येते: हा डीबी१ आहे. कमांड थांबवली जाते. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक.

मग बॅकअपची शोधाशोध. ॲमेझॉनच्या एस३वर रोजची प्रत असायला हवी. तिथे काहीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६चा, प्रत काढणारा प्रोग्राम ९.२चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तसे सांगणारे ईमेल सुटत होते, पण डीमार्क या ईमेल-पडताळणीत अडकून नाकारले जात होते. अझूरचे डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरना चालू, डेटाबेसला नाहीत. बॅकअप परत भरता येतो का, हे तपासणे कुणा एकाचे काम म्हणून ठरलेलेच नव्हते. माझ्या मते त्या रात्रीची खरी चूक ही. चुकीच्या सर्व्हरवरची कमांड तिच्यानंतरची.

गिट रिपॉझिटरी वेगळ्या सर्व्हरवर होत्या. कोड शाबूत राहिला.

१ फेब्रुवारी, १८:००च्या सुमारास. संथ डिस्कवरून तासन्‌तास डेटा ओढून साइट पुन्हा उभी राहते, ती १७:२०च्या प्रतीवर. त्यानंतरचे साधारण ५,००० प्रकल्पांचे तपशील, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती गेली.