वर्गाची भाषा आणि घराची भाषा : चिखलोली-उल्हासनगर परिसराच्या संदर्भात शाळा-पालक संवादाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

शिक्षणाच्या माध्यमाचा इतिहास आपल्याकडे बहुधा शासकीय ठराव, आयोगांचे अहवाल आणि भाषाभिमानाच्या चळवळी यांच्या आधारे लिहिला गेला आहे. वर्गात कोणती भाषा असावी हा प्रश्न त्यात केंद्रस्थानी असतो. वर्गात काय चालले आहे हे मुलाच्या घरी कोणत्या भाषेतून पोहोचते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ज्या घराची भाषा वर्गाच्या भाषेहून वेगळी आहे, त्या घराच्या दृष्टीने हाच प्रश्न पहिला असतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार जुन्या ठाणे जिल्ह्याच्या, विशेषतः अंबरनाथ-बदलापूर दरम्यानच्या चिखलोली आणि शेजारच्या उल्हासनगरच्या संदर्भात केला आहे.

चिखलोली हे धरणामुळे परिचित असलेले गाव. औद्योगिक वसाहतीमुळे आणि आता मंजूर झालेल्या नव्या रेल्वे स्थानकामुळे त्याचे रूप पालटत आहे. आगरी बोली बोलणारी मूळची कुटुंबे, अंबरनाथच्या कारखानदारीमुळे निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे, मुंबईतून सरकत आलेला मध्यमवर्ग आणि पलीकडे उल्हासनगरमधील सिंधी समाज, अशी येथील वस्तीची रचना आहे. त्यामुळे या परिसरातील कोणत्याही शाळेच्या पहिलीच्या वर्गात घराची भाषा एकच असेल असे गृहीत धरता येत नाही.

एक तुलना :

या प्रश्नाकडे स्वच्छ दृष्टीने पाहण्यासाठी दूरचे एक उदाहरण उपयोगी पडते. कॅनडातील माँट्रिअलजवळच्या सेंट लँबर्ट येथे १९६५ साली इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहावरून बालवर्गापासून सर्व शिक्षण फ्रेंचमधून देण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलाला परक्या भाषेच्या वातावरणात ठेवून त्याच भाषेतून विषय शिकविण्याच्या या पद्धतीस ‘इमर्शन’ असे नाव रूढ झाले. पुढे १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे चिनी भाषेची अशी शाळा निघाली. युटा राज्याने २००८ मध्ये कायदा करून २००९ पासून प्राथमिक शाळांत निम्मा दिवस चिनी वा अन्य भाषेतून आणि निम्मा दिवस इंग्रजीतून शिकविण्याची व्यवस्था सुरू केली.

या वर्गांतील अनेक पालकांना चिनीचे एक अक्षरही येत नाही. म्हणून वर्गात शिक्षिका चिनीखेरीज दुसरी भाषा सहसा वापरत नसली, तरी घरी जाणारे वर्गवृत्त पालकांच्या भाषेत लिहिले जाते. या आठवड्यात कोणती अक्षरे झाली, कोणते गाणे घेतले, गणितात कोठवर आलो, घरी काय विचारावे, हे त्यात असते. मुलाला परक्या भाषेत उतरवायचे, पण पालकाला काठावर माहितीविना उभे करायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनीचा उल्लेख होता. २०२० च्या अंतिम धोरणात तो राहिला नाही. परंतु घराला न समजणाऱ्या भाषेतील प्राथमिक वर्ग आपल्याला नवा नाही. आपल्याकडे तो ‘इंग्रजी माध्यम’ या नावाने नांदतो. फरक आहे तो घरी जाणाऱ्या वृत्ताचा.

परवचा : कानावर येणारे वृत्त

इंग्रजी अंमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत प्रगतिपुस्तक नव्हते आणि पालकसभाही नव्हती. तरीही मूल काय शिकले हे घराला कळत असे. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हटला जाई. पाढे, पावकी, निमकी, अडीचकी मोठ्याने म्हणताना मूल अडखळले की स्वयंपाकघरातल्या आईच्या लक्षात येई. तिला स्वतःला अक्षरओळख असणे त्यासाठी आवश्यक नव्हते. या शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांत मुलींना आणि शूद्रातिशूद्र मानलेल्या जातींना बहुधा स्थान नव्हते. मात्र ज्या घरातील मूल शाळेत जात होते, त्या घराला वर्ग ऐकू येत होता, एवढे मान्य करावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते, तर मूळचे मुरबाडचे जगन्नाथ शंकरशेट यांनी १८४७ मध्ये देशी भाषांचा पक्ष मांडला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सर्वसामान्यांच्या शिक्षणासाठी देशी भाषा आणि वरच्या शिक्षणासाठी इंग्रजी अशी विभागणी स्वीकारली. शंकरशेटांच्या भूमिकेचा विचार आपण बहुधा ज्ञानप्रसाराच्या अंगाने करतो. तिची एक दुसरी बाजूही आहे : देशी भाषेतील शाळा घराच्या नजरेच्या टप्प्यात राहते.

अंगणवाडी : घराच्या डोळ्यांसमोरचा वर्ग

शाळा आणि घर यांच्या संबंधाचा सर्वांत मूलगामी विचार याच जिल्ह्यात झाला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकातून, प्रथम गुजरातीत आणि पुढे ताराबाईंच्या संपादनाखाली मराठीत, शिक्षकांबरोबरच पालकांशीही संवाद सुरू झाला. बालशिक्षणाविषयी पालकांना त्यांच्या भाषेत सांगणे हा शिक्षणकार्याचाच भाग आहे, ही जाणीव त्यामागे होती.

१९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ ताराबाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता; १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तेथील वारली मुलांची बोली प्रमाण मराठीहून वेगळी, आणि छापील पत्रिका आईबापांना निरुपयोगी, कारण त्यांना वाचता येत नव्हते. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर पोहोचला. या कल्पनेतील शाळा-पालक संवादाचा अंश मात्र दुर्लक्षित राहिला. अंगणात भरलेल्या वर्गाचे वृत्त घरी कळवावे लागत नाही. धान्य पाखडता पाखडता आई तो पाहत असते.

उल्हासनगर : भाषा एक, लिपी दोन

फाळणीनंतर कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली. तेच उल्हासनगर. आजही तेथील भाग ‘कॅम्प’ क्रमांकांनीच ओळखले जातात. छावणीतील समाजाने सिंधी माध्यमाच्या शाळा उभ्या केल्या. प्रदेश गमावलेल्या समाजाला भाषा टिकविण्यासाठी शाळेखेरीज दुसरे स्थान नव्हते.

येथे मात्र एक अनपेक्षित अडचण होती. सिंध मुंबई इलाख्यात असताना १८५३ मध्ये बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत सिंधीसाठी ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी प्रमाण ठरविण्यात आली होती. स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाने १९५० मध्ये सिंधीसाठी देवनागरीचा निर्णय घेतला. समाजातून विरोध झाल्यावर १९५१ मध्ये दोन्ही लिपींना मान्यता दिली. घरात आणि वर्गात भाषा एकच, परंतु वडील उजवीकडून डावीकडे वाचणारे आणि मूल डावीकडून उजवीकडे, अशी स्थिती यातून संभवत होती. मुलाची वही वडिलांना ऐकता येई, वाचता येत नसे. भाषा समान असली की संवाद आपोआप साधतो, हे गृहीतक या उदाहरणाने डळमळते.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क समाविष्ट झाला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. घटनात्मक मान्यता मिळाली, तरी व्यापार आणि नोकरीच्या ओढीने पालक इंग्रजी माध्यमाकडे वळत गेले आणि सिंधी शाळा ओसरत गेल्या. या स्थित्यंतराला केवळ भाषाद्रोह म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्यांनी एकदा सर्वस्व गमावले होते, त्यांनी मुलांसाठी अधिक सुरक्षित वाटणारा मार्ग निवडला. त्याची किंमत म्हणून घरातील वडीलधाऱ्या पिढीचा वर्गाशी असलेला संबंध सैल झाला.

प्रगतिपुस्तक आणि सही :

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्गही वाढत गेले. परवचा मागे पडला आणि वर्ग अंगणातून कुंपणाआड गेला. आता घराकडे जाणारी वाट मुख्यतः कागदाची उरली आहे : डायरी, सूचनापत्र आणि प्रगतिपुस्तक. इंग्रजीत लिहिलेल्या शेऱ्याखाली तो न समजणारे पालक सही करतात, आणि शेऱ्याचा अर्थ ज्याच्याविषयी तो लिहिला आहे त्या मुलालाच विचारतात. ही सही संमतीची आहे की पराधीनतेची, याचा विचार शिक्षण क्षेत्रातील आपण सर्वांनी करावयास हवा.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. ही माहिती पालकांना समजेल अशा भाषेत असावी, असे मात्र त्या कलमात म्हटलेले नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर राज्यात वाद झाला आणि १६ एप्रिल व १७ जूनचे शासन निर्णय २९ जून रोजी रद्द करण्यात आले. त्या चर्चेतही भर वर्गात किती भाषा असाव्यात यावर होता; घरी जाणाऱ्या भाषेची दखल क्वचितच घेतली गेली.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी लक्षात येतात.

१) वर्गाचे वृत्त घरी पोहोचण्याच्या कान, डोळा आणि कागद अशा तीन वाटा या प्रदेशाच्या इतिहासात दिसतात. पहिल्या दोन वाटांना पालकांची साक्षरता आवश्यक नव्हती. तिसरीला ती लागते, आणि त्या विशिष्ट भाषेची व लिपीची लागते.

२) माध्यम बदलले म्हणून पालक दुरावलेच पाहिजेत असे नाही. चिनी माध्यमाचे वर्ग दाखवून देतात की वर्गाची भाषा आणि वृत्ताची भाषा वेगळी ठेवता येते. आपल्याकडील इंग्रजी शाळांनी वर्गाची भाषा स्वीकारताना ही विभागणी बहुधा स्वीकारली नाही.

३) चिखलोलीसारख्या वाढत्या वस्तीत आठवड्याला एक पानभर वृत्त मराठी, हिंदी वा सिंधीत देणे खर्चाचे नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा वर्ग पालकांसमोर भरवावा. त्यात कोसबाडचे अंगण आणि जुना परवचा दोन्ही परत येतील.

४) महाविद्यालयीन अध्यापकांपुढे एक तातडीचे काम आहे. ओसरत चाललेल्या सिंधी माध्यमाच्या शाळांची हजेरीपुस्तके, प्रगतिपुस्तके व पालकांना पाठविलेली पत्रे रद्दीत जाण्यापूर्वी जतन केली पाहिजेत. छावणीतील शाळेत शिकलेली पिढी आता वृद्धापकाळात आहे. तिच्या मुलाखती विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेता येतील. शाळेने घराला काय सांगितले आणि काय सांगितले नाही, याचा पुरावा शासकीय अहवालांपेक्षा या कागदांत व आठवणींत अधिक सापडण्याचा संभव आहे.