सवलतीचा भार कोणावर?

ठाकुर्लीच्या बाजारांत भाजीवाली नेहमींच्या गिऱ्हाइकाच्या पिशवींत कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट टाकते. त्या कोणास द्यावयाच्या, हें ती स्वतः ठरविते.

सवलतीची चिठ्ठीहि जुनीच. 1887 च्या सुमारास कोकाकोलानें फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वांटल्या. मात्र त्यासाठीं लागणारा पाक कंपनीच दुकानदारास पुरवी. 2008 च्या नोव्हेंबरांत शिकागोस ग्रूपॉन ही पेढी निघाली आणि हिशेब उलटला. इंटरनेटवर रोज एखाद्या दुकानाची चिठ्ठी बहुधा निम्म्या किंमतीस विकावयाची आणि आलेल्या पैशांतील सुमारें निम्मा वांटा आपण ठेवावयाचा! म्हणजे 100 रुपयांच्या थाळीस गिऱ्हाईक 50 देई आणि खानावळवाल्याच्या हातीं 25 पडत; तांदूळ, तेल, गॅस, सारें त्यांतूनच. केशकर्तनालयाची रिकामी खुर्ची भरली, तर तेथें हें कदाचित् परवडे. थाळीचें तसें नाहीं. गिऱ्हाईक पुन्हा पूर्ण दरानें येईल, ही आशा. तें पुष्कळदां दुसऱ्या चिठ्ठीमागें जाई.

2011 सालीं ही पेढी भारतांत आली. 2013 च्या सप्टेंबरांत कांद्याचा भाव कडाडला असतां तिनें तो 9 रुपये किलोनें विकला. गर्दीनें संकेतस्थळच बंद पडलें. जाहिरात मोठी झाली खरी! 2015 सालीं येथील शाखा वेगळी होऊन ‘नियरबाय’ झाली.

पद्धत मात्र राहिली. ऑगस्ट 2019 मध्यें झोमॅटो गोल्डसारख्या योजनांतून हजारांहून अधिक उपाहारगृहें बाहेर पडलीं. सभासदांची वर्गणी झोमॅटोकडे जाई. फुकट दिलेला दुसरा पदार्थ उपाहारगृहाच्या खर्चाचा.