डुकराच्या आधी मेंढ्या

सॅन हुआन बेटावर नव्याने आलेल्याला सगळे डुकराची गोष्ट सांगतात. 15 जून 1859 रोजी लायमन कटलर या अमेरिकी माणसाने आपल्या बटाट्याच्या शेतात शिरलेले हडसन्स बे या ब्रिटिश कंपनीचे डुक्कर गोळी घालून मारले आणि त्यावरून अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांच्या फौजा समोरासमोर आल्या. मला त्याआधीची मेंढ्यांची गोष्ट मोलाची वाटते. आम्ही शिडाची होडी घेऊन कॅनडाहून परततो तेव्हा याच बेटावरच्या रोश हार्बरच्या धक्क्यावर जी चौकशी होते, तिची मुळे त्या गोष्टीत आहेत.

1846च्या ओरेगॉन तहाने सीमा व्हँकूव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या पाण्यातून नेली. पण त्या पाण्यात वाटा होत्या दोन, पश्चिमेला हॅरो आणि पूर्वेला रोझारिओ, आणि सॅन हुआन व शेजारची बेटे नेमकी मधोमध. डिसेंबर 1853मध्ये कंपनीने सॅन हुआनवर तेराशेहून जास्त मेंढ्या उतरवल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेचा जकात अधिकारी आयझॅक एबी तिथे हजर झाला: माल परदेशी आहे, जकात भरा. कंपनीचा चार्ल्स ग्रिफिन ऐकेना, कारण त्याच्या लेखी ती जमीन ब्रिटनची होती. एबीने आपला निरीक्षक बेटावरच बसवला. 1855मध्ये शेरीफने थकलेल्या करापोटी मेंढे हाकून नेले. सीमा कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण जकातवाला येऊन बसला होता! अखेर 21 ऑक्टोबर 1872 रोजी जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म याने पंच म्हणून हॅरोच्या बाजूने कौल दिला आणि बेटे अमेरिकेची झाली.

रेघ ठरली तरी पाण्यावर ती दिसत नाही. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात सिअ‍ॅटलचा माजी पोलीस लेफ्टनंट रॉय ओल्मस्टेड याच भागातून कॅनडाची दारू आणत असे. कागदावर माल मेक्सिकोला निघालेला असे, म्हणजे कॅनडातला निर्यातकर वाचे.

म्हणूनच आजची रीत मला जाचक वाटत नाही. अमेरिकेत शिरताना पिवळा झेंडा चढवायचा आणि परवानगी मिळेपर्यंत होडीवरच थांबायचे. हल्ली पुष्कळांचे काम मोबाइलवरच होते. उलट दिशेने, पेंडर बेटावरच्या बेडवेल हार्बरला, एकटा कप्तान धक्क्यावरच्या फोनकडे जातो, बाकीचे होडीतच बसतात. तो माणसांची नावे, दारू, खाण्याचे सामान सगळे सांगतो. पलीकडचा अधिकारी अनेकदा होडी बघतही नाही. तो एक क्रमांक देतो आणि तो धक्क्याकडून दिसेल असा होडीच्या खिडकीत लावायचा असतो. सारा व्यवहार सांगणाऱ्याच्या शब्दावर चालतो. आमच्या होडीवर कोणी पाहुणे असले, तर निघण्याआधीच मी त्यांच्या पिशव्यांतली फळेसुद्धा विचारून यादीत लिहून घेते.