सेंट लॉरेन्स खोऱ्यातील गोठता पाऊस : जानेवारी १९९८

इ. स. १९९८ च्या जानेवारीत, ५ ते १० या तारखांच्या दरम्यान, कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यावर जे संकट कोसळले त्यास सामान्यतः हिमवादळ म्हटले जाते. वस्तुतः त्यात सोसाट्याच्या वाऱ्याचा भाग अल्प होता. पाऊस पडत होता, आणि पडेल तेथे गोठत होता. हे कसे घडले याचे उत्तर वातावरणविज्ञान देते. ते इतके अनर्थकारी का ठरले हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे.

उंचीबरोबर तापमान घटावे हा सामान्य क्रम होय. येथे तो भंगतो. भूमीलगत शून्य अंशाखालील जड हवेचा पातळ थर असतो व त्यावर उबदार, दमट हवा सरकून येते. उंचावरून येणारे हिमकण या उबदार थरात वितळतात. खालच्या थरात ते थेंब शून्याखाली निवतात, परंतु तो थर पातळ असल्याने त्यांना गोठण्यास अवसर मिळत नाही. फांदीचा वा तारेचा स्पर्श होताच मात्र त्यांचे बर्फ बनते.

सेंट लॉरेन्सचे खोरे या रचनेस विशेष अनुकूल आहे. ईशान्येची थंड हवा त्यात कोंडून राहते आणि मेक्सिकोच्या आखाताकडील दमट हवा तिच्यावरून चढते. असा पाऊस तेथे दर हिवाळ्यात पडतो. परंतु बहुधा काही तासांत ओसरतो. १९९८ साली अटलांटिकवरील उच्च दाबाने पूर्वेकडील वाट अडविली व पाऊस त्याच पट्ट्यावर पुनःपुन्हा येत राहिला. १९६१ साली माँट्रियलमध्ये आणि १९८६ साली ओटावात झालेल्या अशा मोठ्या वर्षावांत ३० ते ४० मिलिमीटर बर्फ साचले होते. या वेळी माँट्रियल परिसरात सुमारे १०० मिलिमीटर वर्षाव झाला.

तथापि केवळ वर्षावाने अनर्थाचा उलगडा होत नाही. १९७० नंतरच्या काळात स्वस्त जलविद्युतीमुळे क्वेबेकमधील बहुसंख्य घरे विजेनेच उबदार राखली जाऊ लागली होती. बर्फाच्या भाराने एक हजाराहून अधिक पोलादी मनोरे आणि सुमारे तीस हजार लाकडी खांब कोसळले, तेव्हा प्रकाशाबरोबर ऊबही गेली. काही भागांत वीज परतण्यास चार आठवड्यांहून अधिक काळ लागला. मृतांपैकी अनेक जण थंडीने दगावले.

रोजे निकोले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९९९ साली अहवाल सादर केला व त्यानंतर वीजवाहिन्या अधिक बळकट करण्यात आल्या. भूरचना आणि ऋतुमान पूर्वीचेच होते. बदलला होता तो समाजाचा आधार. एकाच तारेवर विसंबलेल्या जीवनक्रमामुळे नेहमीच्या पावसाची आपत्ती झाली, हाच या घटनेचा ऐतिहासिक अर्थ होय.